फोन येतात, पुढे काहीच होत नाही

प्रश्न : मूळचा सांगली जिल्ह्यातला आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर तीन वर्षं दोन महिने चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत मशीनिंगच्या क्वालिटीला आहे. आता बदल हवाय. दोन महिन्यांत अकरा रिक्रूटरांचे फोन आले, सगळे ‘कळवतो’ म्हणाले आणि गप्प झाले. काही फोन शॉपफ्लोअरवर असताना चुकले. पगार विचारला की गोंधळ उडतो. एकीला २.८८ लाख सांगितला, दुसऱ्याला मित्राच्या सल्ल्याने ४.२. ‘कुठलंही काम चालेल’ असंही सगळ्यांना सांगतो. पहिले आठ महिने याच प्लांटमध्ये कॉन्ट्रॅक्टरच्या पे-रोलवर होतो, ते सीव्हीत वेगळं लिहिलेलं नाही. इंग्रजी कच्चं आहे, म्हणून १८,००० रुपयांचा पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा कोर्स करावा का? आणि एक जण ‘इंटरव्ह्यू फिक्स करून देतो, २,५०० भरा’ म्हणतोय. भरू का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : २,५०० रुपये भरू नका, त्याबद्दल शेवटी लिहिलंच आहे. कोर्सही तूर्त राहू द्या. इंग्रजीचा उल्लेख तुमच्या पत्रात एका वाक्यात आहे. घोडं अडलंय ते उरलेल्या वाक्यांमध्ये.

अकरा फोन आले याचा अर्थ तुमचा प्रोफाइल शोधात सापडतोय आणि वाचणाऱ्याला बराही वाटतोय. गळती होतेय ती फोन लागल्यानंतर. म्हणून आधी त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला काय चाललेलं असतं ते बघू.

तुमच्याशी बोलणाऱ्या मॅडमच्या समोर बहुतेक वेळा एक एक्सेल शीट उघडी असते. तिला ट्रॅकर म्हणतात. एका उमेदवाराची एक ओळ. रकाने साधारण असे : नाव, एकूण अनुभव, त्यातला संबंधित कामाचा अनुभव, सध्याची कंपनी, सध्याचा सीटीसी (तुमच्यावर कंपनीचा होणारा वर्षाचा एकूण खर्च), अपेक्षित सीटीसी, नोटिस पिरियड, सध्या राहता कुठे, कुठे जायची तयारी, बदल का हवाय. संध्याकाळपर्यंत अशा पाच-सात ओळी भरून ती शीट कंपनीच्या एचआरकडे किंवा थेट प्लांटच्या क्वालिटी हेडकडे जाते. तिकडून प्रश्न आला की उत्तर द्यायला तुम्ही नसता, त्या मॅडमच असतात. तुमच्या ओळीत पगाराच्या जागी ‘निगोशिएबल’ आणि कामाच्या जागी ‘एनी’ असलं, तर ती ओळ पुढे पाठवणं म्हणजे स्वतःची पत घालवणं. त्या शीटमधून तुमची ओळ काढून टाकतात, आणि काढलेल्या ओळीला कुणी फोन करून कळवत नाही.

तेव्हा छाप पाडायची ती इथे. तुमची ओळ अशी भरून द्यायची की ती पाठवताना समोरच्याला धाकधूक वाटू नये.

आता पगार. तुम्ही २.८८ सांगितला तेव्हा बहुधा हातात येणाऱ्या पगाराला बाराने गुणलं असणार. विचारला जातो तो सीटीसी, आणि तो वेगळाच आकडा असतो. स्लिप समोर घ्या आणि असा मांडा. समजा बेसिक आणि डीए मिळून १५,०००, घरभाडं ६,०००, इतर भत्ते ५,५००. ग्रॉस झाला २६,५००. त्यातून तुमचा पीएफ १२ टक्क्यांनी १,८००, प्रोफेशन टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००), कॅन्टीन-बसचे ५०० गेले की हातात २४,०००. वर्षाचे २,८८,०००. कंपनी मात्र हिशेब उलट्या बाजूने करते : ग्रॉस २६,५००, अधिक कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८००, अधिक ग्रॅच्युइटीपोटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे सुमारे ७२०. महिन्याला २९,०२०, वर्षाला ३,४८,२४०. साठ हजारांचा फरक इथेच पडला. आकडे तुमच्या स्लिपप्रमाणे बदलतील, बोनस किंवा इन्सेंटिव्ह असेल तर तोही मिळवा. अपॉइंटमेंट लेटरसोबत किंवा शेवटच्या इन्क्रिमेंट लेटरसोबत सीटीसीचा तक्ता जोडलेला असेल, तर तोच आकडा प्रमाण माना.

ओव्हरटाइम यात धरायचा नाही. चाकणमध्ये हे फार होतं : दोन महिने भरपूर ओटी झाला की माणूस तोच पगार समजून सांगतो आणि स्लिप मागितली की अडकतो.

मित्राने सुचवलेल्या ४.२ चं काय? तो आकडा तसा वाईट नाही, फक्त चुकीच्या रकान्यात पडला. तुमच्या अनुभवाला सध्याच्या सीटीसीवर २० ते ३० टक्के वाढ मागितली तर कुणाला नवल वाटत नाही, म्हणजे ३.४८ वर साधारण ४.२ ते ४.५ लाख. ‘अपेक्षित’मध्ये ते खुशाल सांगा. ‘सध्याचा’ म्हणून सांगितलं की ऑफरच्या आधी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट मागतात, तिथे आकडा उघडा पडतो. मग वाटाघाटी होत नाहीत, ऑफरच मागे घेतात. ज्यांना ४.२ सांगितलाय त्यांना आजच एक मेसेज करा (३.४८ च्या जागी तुमच्या लेटरमधला आकडा घाला) : ‘मॅडम, मागच्या फोनवर सध्याचा सीटीसी ४.२ असा सांगितला गेला, तो चुकीचा होता. लेटरप्रमाणे सध्याचा ३.४८ आहे, अपेक्षा ४.२ ते ४.५. ट्रॅकरमध्ये कृपया दुरुस्ती करावी.’ कारणमीमांसा नको. स्वतःहून दुरुस्ती कळवणारे उमेदवार इतके थोडे असतात की तेवढ्यानेच नाव लक्षात राहतं.

अपेक्षा विचारल्यावर ‘तुम्हीच बघा काय देता येईल ते’ म्हणणंही सोडा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? रिकामा रकाना पाठवता येत नाही, म्हणून त्या स्वतःच काहीतरी कमी आकडा भरतात, आणि पुढे तोच तुमच्या गळ्यात पडतो.

नोटिस पिरियड अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलेला असतो. तो वाचून जेवढा असेल तेवढाच सांगा. तीस दिवस असताना ‘लगेच येतो’ म्हणणाऱ्यावर अनुभवी रिक्रूटर विश्वास ठेवत नाहीत. जो इथून पळून येईल, तो तिथूनही पळेल, हा त्यांचा साधा हिशेब. शिल्लक रजा वळती होत असेल तर ‘३० दिवस, रजा धरून २० होऊ शकतात’ असं सांगा. जॉब पोर्टलवर ‘सर्व्हिंग नोटिस पिरियड’ हा पर्याय राजीनामा दिल्याशिवाय टिचकवू नका.

कॉन्ट्रॅक्टरकडचे आठ महिने लपवणं ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे. फोनवर ती कळत नाही. सगळं जमून गेल्यावर, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये कळते. नव्या कंपनीची माणसं तुमच्या प्लांटला विचारतात, अमुक तारखेपासून हे तुमच्याकडे होते का? प्लांट आपल्या पे-रोलच्या यादीत बघतो आणि सांगतो, नाही, आठ महिन्यांनंतरपासून होते. दुसरीकडे तुमच्या यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या नंबरच्या) सर्व्हिस हिस्टरीत कॉन्ट्रॅक्टरचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख स्वच्छ दिसत असते. काम तुम्ही खरंच केलेलं असतं, तरी कागदावर तुम्ही खोटे ठरता.

सीव्हीत त्या काळासाठी वेगळी ओळ घाला : पे-रोल अमुक कॉन्ट्रॅक्टर, कामाची जागा अमुक प्लांट, महिना-वर्ष ते महिना-वर्ष. यात कमीपणा नाही, ऑटोच्या पट्ट्यात पुष्कळ माणसं याच दाराने आत आलेली असतात. पुढे एवढं करा : ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, मेंबर पोर्टलवर जाऊन दोन्ही नोंदींच्या तारखा तपासा. कॉन्ट्रॅक्टरने सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर एकाच वेळी दोन नोकऱ्या केल्यासारखं दिसतं. सोडून दोन महिने उलटले असतील तर ‘मार्क एक्झिट’मधून ती तारीख तुम्हाला स्वतः भरता येते, आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा. आणि अप्रेंटिस म्हणून काढलेला काळ असेल तर तो पीएफमध्ये दिसणारच नाही, कारण अप्रेंटिसला पीएफ लागू नसतो. त्याचं सर्टिफिकेट हाच पुरावा.

सीव्ही पाहिलेला नाही, पण डिप्लोमा-क्वालिटीचे सीव्ही कसे असतात ते ठाऊक आहे. चार पानं, वर पासपोर्ट फोटो, वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद क्रिकेट आणि गाणी ऐकणे, आणि शेवटी ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ करून सही. हे सगळं काढा. आधार आणि पॅनचे नंबर असतील तर ते सर्वांत आधी काढा, तो कागद किती हातांतून फिरेल सांगता येत नाही. तीन वर्षांच्या अनुभवाला दोन पानं पुष्कळ झाली, एकात बसलं तर उत्तम. फाइल पीडीएफ ठेवा आणि तिचं नाव ‘रिझ्युम फायनल न्यू २’ न ठेवता स्वतःचं नाव, क्वालिटी, ३ वर्षं असं ठेवा. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये शंभर ‘रिझ्युम’ पडलेले असतात.

आता मजकूर. ‘इनकमिंग, इनप्रोसेस आणि फायनल इन्स्पेक्शनसाठी जबाबदार’ ही ओळ तुमच्या लाइनवरच्या दहाही जणांच्या सीव्हीत आहे. तिच्या जागी एक खरं काम आकड्यांसह लिहा. उदाहरणार्थ : हाउसिंगचा बोअर (आतलं भोक) शिफ्टच्या शेवटी अंडरसाइझ येत होता, दर तासाला ५ नग एअर गेजवर तपासायला सुरुवात केली, इन्सर्ट (कापणारं टोक) बदलायची मर्यादा ४०० नगांवरून ३०० वर आणली, तीन महिन्यांत रीवर्क २.१ टक्क्यांवरून ०.८ वर आला. चार ओळींत वाचणाऱ्याला कळतं की हा माणूस मोजतो, कारण शोधतो आणि बदल टिकवतो.

पण इथे एक खाच आहे. वरच्या उदाहरणात ‘रीवर्क’ लिहिलंय, ‘रिजेक्शन’ नाही. इन्सर्ट झिजला की बोअर लहान येतो आणि लहान बोअर पुन्हा कापून मापात आणता येतो. मोठा झालेला बोअर जातो भंगारात. शाफ्टच्या बाह्य व्यासाला हेच उलटं. सीव्ही भारी दिसावा म्हणून कुणी तिथे ‘रिजेक्शन कमी केलं’ असं ठोकून दिलं, तर रिक्रूटरला कळणार नाही, पण क्वालिटी हेड पहिल्या मिनिटात तिथेच बोट ठेवेल. मग ते रिक्रूटरला विचारतील, कुठला माणूस पाठवलास? त्यामुळे आकडा असा लिहा, ज्याच्यावर तुम्हाला दहा मिनिटं बोलता येईल : कुठल्या रजिस्टरमधून काढला, किती नगांवर, आधीचे आणि नंतरचे महिने कोणते. सीएमएमवर (मापं घेणाऱ्या यंत्रावर) दुसऱ्याने बनवलेला प्रोग्रॅम चालवत असाल तर ‘ऑपरेटिंग’ लिहा, ‘प्रोग्रॅमिंग’ नको. पीपॅपची (ग्राहकाकडून पार्ट मंजूर करून घेण्याची) फाइल लावायला मदत केली असेल तर मदत केली असंच लिहा.

आणि कंपनीच्या ड्रॉइंगचा, कंट्रोल प्लॅनचा फोटो सीव्हीला जोडू नका, इंटरव्ह्यूत मोबाइलवर दाखवूही नका. काम दाखवण्याच्या उत्साहात मुलं हे करतात. समोरचा लगेच ओळखतो की आमची ड्रॉइंगही असाच बाहेर दाखवेल.

रिक्रूटर पोर्टलवर शब्द टाकून शोधतात, म्हणून प्रोफाइलच्या हेडलाइनमध्ये शब्द हवेत : क्वालिटी इंजिनिअर, मशीनिंग, पीपॅप, एमएसए, एसपीसी, सीएमएम, आयएटीएफ १६९४९, चाकण. जे येतं तेवढंच. संक्षेप वर आला असेल तर पूर्ण नाव खाली कुठेतरी एकदा येऊ द्या, कोण काय टाकून शोधेल सांगता येत नाही. शोधताना गेल्या काही दिवसांत कोण सक्रिय आहे अशी गाळणी लावता येते, तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा लॉगिन करून खरोखरचा एखादा बदल करा. लिंक्डइनवरच्या आणि पोर्टलवरच्या तारखा जुळतात ना, तेही त्याच बैठकीत पाहून घ्या.

‘कुठलंही चालेल’ हे वाक्य बंद. ते तुम्ही नम्रपणे म्हणता, ऐकणाऱ्याला ते ‘याला स्वतःलाच माहीत नाही’ असं ऐकू येतं. ‘मशीनिंगमधली इनप्रोसेस किंवा सप्लायर क्वालिटी. चाकण, तळेगाव, रांजणगाव चालेल. चांगली संधी असेल तर शिरवळ किंवा कोल्हापूरही’ असं सांगितलं की दोन रकाने एका दमात भरले. बदल का हवाय याला एक सरळ कारण पुरे : तीन वर्षं एकाच लाइनवर आहे, आता कस्टमर कंप्लेंट आणि सप्लायरची बाजू शिकायची आहे, पगारही त्या मानाने वाढलेला नाही. सुपरवायझर कसा आहे, शिफ्ट कशा लावतो, ही गाऱ्हाणी त्या फोनवर नकोत.

चुकलेल्या फोनांचं. शॉपफ्लोअरवर मोबाइल लॉकरमध्ये जातो हे रिक्रूटरांना माहीत असतं, त्यासाठी कुणी नाव खाली करत नाही. नाव खाली होतं ते दोन दिवसांनी ‘या नंबरवरून मिस्ड कॉल होता, कोण बोलतंय?’ असा फोन गेल्यावर. तोवर तो नंबर बोर्डलाइनचा निघतो आणि रिसेप्शनला काही पत्ता नसतो. फर्स्ट शिफ्ट सुटली की लगेच, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी दहा ते एकच्या दरम्यान, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी परत फोन करा आणि पहिल्या दमात सांगा : ‘नमस्कार, मी अमुक, चाकणला क्वालिटी इंजिनिअर. सकाळी अकराला आपला फोन होता, शॉपफ्लोअरवर होतो.’ फोन लागला नाही तर हेच मेसेजमध्ये, सोबत ‘आज ४ ते ६ मध्ये बोलू शकतो’. नुसतं ‘हाय’ टाकून उत्तराची वाट बघत बसू नका, आणि व्हॉइस नोट तर नाहीच. ट्रूकॉलरवर तुमचा नंबर कुठल्या नावाने दिसतो ते एकदा मित्राच्या फोनवर बघा. तिथे ‘पिंट्या गॅरेज’ निघालं तर बदलून घ्या.

कंपनीच्या बसमधून, मागे गाणी सुरू असताना बोलण्यापेक्षा ‘वीस मिनिटांनी फोन करू का?’ हे विचारणं केव्हाही बरं. फक्त विसाव्या मिनिटाला फोन गेला पाहिजे.

इंग्रजीबद्दल इतकंच, की रिक्रूटर मराठीत बोलत असेल तर मराठीत बोला, हिंदीत बोलत असेल तर हिंदीत. प्लांटमधल्या क्वालिटीच्या इंटरव्ह्यूत व्हर्नियर आणि मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप), सीपी-सीपीके (प्रक्रिया मापात किती बसते ते सांगणारे आकडे) यांतला फरक, एट-डी (8D, तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय लिहायचा रिपोर्ट) कसा भरता, हेच विचारतात आणि मिश्र भाषेतलं उत्तर चालतं. तरी इंग्रजीत पाच वाक्यं तयार ठेवा, मिनिटभराची : कोण, किती अनुभव, काय तपासता, एक काम आकड्यासह, काय हवंय. ‘मायसेल्फ अमुक’ने सुरुवात करू नका, ‘आय ॲम’ म्हणा. मोबाइलवर रेकॉर्ड करून रोज दोनदा, दहा दिवस ऐका. सप्लायर क्वालिटीत जायचं असेल तर पुढे ईमेल लिहिण्यापुरतं इंग्रजी लागेलच, ते वेगळं शिका, पण त्यासाठी आज अर्ज थांबवू नका.

कन्सल्टन्सीचा फोन आहे की कंपनीच्या एचआरचा, हे पहिल्याच मिनिटाला विचारून घ्या. विचारलेलं आवडतं. कन्सल्टन्सी असेल तर कंपनीचं नाव विचारा आणि ‘आधी मला विचारल्याशिवाय सीव्ही पाठवू नका’ असं सांगा. दोन कन्सल्टन्सींनी एकाच कंपनीत तुमचं नाव पाठवलं की फी कोणाची यावरून वाद होतो आणि काही कंपन्या कटकट नको म्हणून उमेदवारच वगळतात. वहीत एक साधी यादी ठेवा : तारीख, कोणाचा फोन, कुठली कंपनी, कोणता सीटीसी सांगितला.

फोननंतर त्याच दिवशी सीव्ही आणि ट्रॅकरच्या सगळ्या बाबी एकाच मेसेजमध्ये पाठवा. तीन कामाच्या दिवसांनी एकदा विचारा, मग आठवड्याने एकदा. त्यानंतर थांबा. रोज ‘एनी अपडेट?’ विचारणाऱ्याचे मेसेज न वाचताच वर सरकवले जातात. व्हिडिओवर बोलावलं तर स्क्रीनवरचं नाव ‘रेडमी नोट’ नसेल, प्रकाश चेहऱ्यावर पडेल आणि खोलीतले बाकीचे दोघे अर्धा तास बाहेर जातील, इतकं पाहिलं की झालं.

आता ते २,५०० रुपये. माणूस मिळाला की रिक्रूटरला फी देते ती कंपनी, आणि ती बहुतेकदा वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी असते. तुमचा सीटीसी ४.२ लाख झाला तर ३५,००० रुपये. एवढे मिळणार असताना तो तुमच्या अडीच हजारांच्या मागे का लागलाय? रजिस्ट्रेशन, गेट पास, युनिफॉर्म डिपॉझिट, ‘परत मिळणारे’ पैसे, नाव काहीही असो, देऊ नका. ओटीपी आणि आधारचा फोटोही नको. आधीच पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

आणि कोणी तोंडी ‘तुमचं फायनल झालं’ म्हटलं तरी राजीनामा टाकू नका. ऑफर लेटर कंपनीच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून आलेलं हवं, त्यात सीटीसीचा तक्ता आणि रुजू व्हायची तारीख हवी. ते आल्यावर सध्याच्या कंपनीत ईमेलने राजीनामा द्या आणि पोच मागून घ्या. रिलीव्हिंग लेटरचं घोडं पुढे त्या पोचेवरच चालतं.